मागावाचून विणकाम : सोलापूरच्या घरांतील सुई-दोऱ्याचा छंद

सोलापुरात 'विणकाम' हा शब्द काढला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम माग उभा राहतो. ते स्वाभाविकही आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'जुनी मिल' याच नावाने ओळखल्या गेलेल्या गिरणीपासून या शहराचे चरित्र सुताशी बांधले गेले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालविले. कापडाच्या व्यापाऱ्याला जुन्या मराठीत चाटी म्हणत. शहरातील चाटी गल्लीच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी यंत्रमागांचा खडखडाट थांबला नाही. सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही वस्तूंना २००५-०६ या वर्षात भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

परंतु याच शहरात, याच शब्दाने ओळखले जाणारे आणखी एक विणकाम आहे. त्याला माग लागत नाही, वीज लागत नाही, स्वतंत्र खोलीही लागत नाही. दुपारची जेवणे आटोपली, ओटा आवरला, की उजेडाची जागा पाहून एखादी गृहिणी पिशवीतून क्रोशाची सुई आणि दोऱ्याची गुंडी काढते. दारावरचे तोरण, देवघरातील आसन, ताटावरचा रुमाल, नातवंडाचे टोपडे, हळदी-कुंकवाला वाण म्हणून द्यायचे बटवे अशा कितीतरी वस्तू या अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांतून तयार होतात. मागावरचे विणकाम मीटरने मोजले जाते, त्याला मजुरी असते आणि त्याची नोंद होते. सुईवरचे विणकाम मात्र 'फावल्या वेळातील छंद' या एकाच शब्दप्रयोगात संपते. छंद म्हणून ते आनंदाचे आहेच. पण फावल्या वेळचे म्हणजे सोपे आणि कमी मोलाचे, हा जो समज त्याला चिकटला आहे, तो तपासून पाहण्याजोगा आहे.

एक शब्द, तीन कामे

मागावर कापड तयार होते ते दोन धाग्यांच्या गुंफणीतून. ताणा म्हणजे ताणून धरलेले उभे धागे आणि बाणा म्हणजे त्यांच्या खालून-वरून जाणारा आडवा धागा. सुईवरच्या विणकामात ताणा-बाणा नसतो. एकाच धाग्याचा फास करून त्या फासातून पुढचा फास ओढून घ्यायचा, एवढेच त्याचे तत्त्व. म्हणून मागावरचे सुती कापड ताणले तरी फारसे ताणले जात नाही, आणि सुईवर विणलेला मोजा पायाच्या आकाराप्रमाणे सैल-घट्ट होतो. आपल्या रोजच्या वापरातील बनियन हेही फासांच्या विणीचेच कापड होय; ते यंत्रावर विणलेले असते इतकेच.

सुईवरच्या विणकामाचेही पुन्हा दोन प्रकार पडतात. पहिला दोन सुयांवरचा. यात ओळीतील सर्व टाके सुईवर उघडे असतात आणि सुलट व उलट या दोनच टाक्यांच्या फेरबदलातून जाळी, वेणी, पट्टे असे सगळे नमुने निघतात. स्वेटर, मफलर, मोजे ही या प्रकाराची नेहमीची कामे. दुसरा प्रकार क्रोशाचा. यात टोकाला आकडा असलेली एकच सुई असते आणि एका वेळी साधारणपणे एकच टाका उघडा राहतो. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी लहान आकडा असा आहे. टाका एकच उघडा असल्यामुळे काम मध्येच सोडावे लागले तरी बिघडत नाही. दारावरची घंटा वाजली, दूध उतू जाऊ लागले, तरी सुई बाजूला ठेवून उठता येते. घरकामाच्या धबडग्यात क्रोशा अधिक रुजला, याचे एक कारण ही सोय असावी.

या दोन प्रकारांत आणखी एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दोन सुयांचे विणकाम यंत्राला फार पूर्वीच जमले. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. आजचा तिरुपूरचा बनियन आणि लुधियानाचा स्वेटर ही त्याच वाटेवरची पुढची पावले आहेत. खरा क्रोशा मात्र आजही हातानेच होतो. बाजारात यंत्रावर केलेल्या, क्रोशासारख्या दिसणाऱ्या लेस मिळतात, पण त्यांची वीण वेगळी असते. याचा अर्थ असा, की क्रोशाची अस्सल वस्तू कोठेही, कितीही स्वस्त दिसली, तरी तिचा प्रत्येक टाका कोणा माणसाने हाताने घातलेला असतो.

ही कला आली कोठून?

लोकर आणि विणकाम यांची जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे, की ही थंड देशांतील कला असावी असे वाटते. वास्तविक फासांच्या विणकामाचे जे अतिशय जुने अवशेष उपलब्ध आहेत, ते इजिप्तमध्ये सापडलेले आहेत. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानले जाणारे हे मोजे व तुकडे सुती असून त्यांतील अनेकांवर निळ्या आणि पांढऱ्या धाग्यांची नक्षी आहे. उष्ण देशात, सुती धाग्याने विणणे ही आधुनिक तडजोड नसून या कलेची जुनीच रीत आहे, असे म्हणता येईल.

क्रोशा त्या मानाने अलीकडचा. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याचा प्रसार झाला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाची लेस विकून अनेक कुटुंबांनी दिवस काढले. भारतात ही कला प्रामुख्याने मिशनरी स्त्रियांच्या शाळांतून आली. मुलींना अक्षरओळखीबरोबर सुईकाम शिकविणे हा त्या शाळांचा प्रघात होता. महाराष्ट्रात अहमदनगर, सोलापूर या भागांत अमेरिकन मराठी मिशनने मुलींच्या शाळा चालविल्या. पुढे समाजसुधारकांनी स्त्री-शिक्षणाच्या ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांनीही हस्तकलेला स्थान दिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी शिवण, भरतकाम यांसारखे वर्ग होते. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, हा त्यामागील हेतू होता. सेवासदनची शाखा सोलापुरातही निघाली आणि तिची मुलींची शाळा नावारूपास आली.

म्हणजे महाराष्ट्रात सुईकाम शिक्षणसंस्थांतून शिकविले गेले, तेव्हा त्याकडे वेळ घालविण्याचे साधन म्हणून पाहिले गेले नव्हते. ते स्वावलंबनाचे शिक्षण होते. मध्यमवर्गीय घरांत स्थिरावल्यावर मात्र त्याचे रूप बदलले. लग्नातील रुखवतात मुलीने विणलेल्या वस्तू मांडणे ही तिच्या हातच्या गुणांची साक्ष मानली जाऊ लागली. महिलांच्या मासिकांतून नमुने छापून येऊ लागले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी सीमेवरील जवानांसाठी देशभरातील स्त्रियांनी स्वेटर, मफलर, कानटोप्या विणल्या. स्वतःच्या घरात ज्यांना लोकरीचा फारसा उपयोग नव्हता, अशा उष्ण प्रदेशांतील स्त्रियांच्याही हाती तेव्हा लोकरीच्या सुया आल्या.

सोलापूरच्या हवेचा दोरा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळा सौम्य असतो. मोठ्यांना स्वेटर लागतो तो पहाटेच्या फिरण्यापुरता. अशा गावात छंद सुरू करताना पहिला प्रश्न दोऱ्याचा असतो आणि नवख्या व्यक्तीची पहिली चूकही तेथेच होते.

दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळते, ते बहुधा लोकर नसते. मेंढीच्या लोकरीऐवजी ॲक्रिलिक या कृत्रिम तंतूचा तो धागा असतो. तो स्वस्त, हलका, रंगांनी समृद्ध आणि हाताला मऊ असतो; शिकण्यासाठी आणि शोभेच्या फुलांसाठी तो चांगला. पण तो घाम टिपत नाही, आणि उष्णतेने वितळतो. ॲक्रिलिकच्या वस्तूवर गरम इस्त्री फिरली, की वीण कायमची चपटी होऊन बसते. देवघरात समई-निरांजनाजवळ ॲक्रिलिकचे तोरण वा झालर टांगणे धोक्याचे आहे, कारण पेटलेला कृत्रिम धागा वितळून अंगाला चिकटतो. सुती दोराही पेट घेतोच, तेव्हा ज्योतीपासून अंतर दोघांनाही हवे; पण दिव्याच्या आसपासच्या वस्तूंसाठी कृत्रिम धागा मुळीच वापरू नये.

सुती दोरा या हवेला सर्वार्थाने अनुकूल आहे. तो घाम टिपतो, वारंवार धुता येतो आणि त्याच्या विणीची नक्षी स्वच्छ उठून दिसते. क्रोशाच्या चकचकीत दोऱ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे त्याला चमक आणि मजबुती येते. या दोऱ्यांना २०, ४०, ६० असे क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितका दोरा बारीक. नवशिक्याने २० क्रमांकाच्या दोऱ्यापेक्षा बारीक दोऱ्याला हात घालू नये. त्याहून जाड, तीन-चार पदरी सुती धागा मिळाला तर अधिक उत्तम. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. जाड सुती धाग्यासाठी ३ ते ३.५ मिमी, तर २० क्रमांकाच्या दोऱ्यासाठी साधारण १.२५ ते १.५ मिमी जाडीची सुई योग्य ठरते. दोन सुयांच्या जुन्या क्रमांकांत मात्र उलटा हिशेब असतो : ८ क्रमांकाची सुई ४ मिमी, १० क्रमांकाची ३.२५ मिमी आणि १२ क्रमांकाची २.७५ मिमी. आजीच्या पेटीतील सुया आणि नव्या दुकानातील सुया यांचा मेळ घालताना हे ध्यानात ठेवावे.

घराघरांत काय विणले जाते?

या छंदाचे वर्ष सणांबरोबर फिरते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, गड्ड्यावर गर्दी लोटते आणि घरोघरी हळदी-कुंकू चालू असते. त्यासाठी बटवे, लहान रुमाल, पेल्यांवरची झाकणे या वाणाच्या वस्तू दिवाळीपासूनच विणायला घेतल्या जातात. श्रावण लागला, की गौरी-गणपतीची तयारी. गणपतीच्या मखराची झालर, महालक्ष्म्यांसमोरच्या आराशीतील फुले-पाने, चौरंगावरचे आच्छादन ही त्या वेळची कामे. घरात बाळ यायचे असले, की टोपडे, पायमोजे, दुपटे. लग्न ठरले, की रुखवत.

जुन्या घरांतील काही वस्तू आता मागे पडल्या. दूरचित्रवाणी संच जाड होता तोवर त्यावर क्रोशाचा रुमाल असणे हे नीटनेटक्या घराचे लक्षण होते. संच चपटा झाला आणि रुमालाची जागाच गेली. टेलिफोनवरचे आच्छादनही तसेच इतिहासजमा झाले. त्याऐवजी मोबाइल ठेवण्याची पिशवी, किल्ल्यांचे लटकन, केसांचे रबर, कानातले, गळ्यातले, पाण्याच्या बाटलीची झोळी अशा वस्तू आल्या. 'अमिगुरुमी' या जपानी पद्धतीची विणलेली खेळणी तरुण मुलींमध्ये विशेष लोकप्रिय आहेत. वस्तू बदलल्या तरी टाके तेच आहेत. ज्या मुक्या खांबाने आजीने बटव्याचा तळ विणला, त्याच मुक्या खांबाने नात अस्वलाचे डोके विणते.

सुरुवात कशी करावी?

क्रोशाचे बहुतेक सगळे काम चार टाक्यांवर चालते. साखळी म्हणजे फासातून ओढलेला फास. हा सगळ्याचा पाया. मुका खांब हा सर्वांत ठेंगणा व घट्ट टाका. सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरचे दोन्ही फास एकदम उतरवायचे. खांबासाठी सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा आणि फास दोन-दोन करून उतरवायचे. दोन वेढे घेतले, की दुहेरी खांब. खांबांच्या मध्ये साखळ्या सोडल्या, की जाळी तयार होते. नवी ओळ सुरू करताना मुक्या खांबासाठी एक आणि खांबासाठी तीन साखळ्या चढाव्यात. हे विसरल्यास कडा आत ओढली जाऊन चौकोनाचा शंकू होतो.

पहिल्या आठवड्यात वस्तू करण्याच्या नादी न लागता हातभर साखळी घालून ती उसवावी आणि पुन्हा घालावी. सर्व साखळ्या सारख्या दिसू लागल्या, की दोऱ्याचा ताण हाताला कळला असे समजावे. हा ताण प्रत्येकीच्या हाताचा निराळा असतो. म्हणून कोणताही नमुना घेण्यापूर्वी १० सेंमी बाजूचा एक तुकडा विणून त्यातील टाके मोजून पाहावेत. पुस्तकातील संख्येपेक्षा टाके जास्त भरले तर हात घट्ट आहे, एक क्रमांक जाड सुई घ्यावी. कमी भरले तर बारीक घ्यावी. हा तुकडा विणण्याचा कंटाळा करणे म्हणजे पुढे सगळी वस्तू उसवण्याची तयारी ठेवणे होय.

डाव्या हाताने काम करणाऱ्या मुलींना शिकविताना शेजारी न बसता समोर बसवावे. शिकविणारीचा उजवा हात तिला आरशातल्याप्रमाणे डावा दिसतो आणि कृती सहज उचलता येते. मुलगेही हे काम तितक्याच चटकन शिकतात. ज्या शहरात पिढ्यान् पिढ्या पुरुष मागावर बसत आले, तेथे सुईवरचे विणकाम तेवढे बायकांचे मानण्यास तसा काही आधार नाही.

गोलाचे गणित

क्रोशाचा रुमाल मधून सुरू होऊन बाहेर वाढत जातो. तो सपाट राहावा यासाठी प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात. खांबाच्या रुमालात पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८, असे दर फेरीला १२ खांब वाढतात. मुक्या खांबात हीच वाढ सहाची असते. अनुभवी बायका हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्यामागे शुद्ध भूमिती आहे. दर फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते आणि परीघ त्या उंचीच्या सुमारे सव्वासहा पट वाढतो. मुका खांब जेवढा उंच जवळजवळ तेवढाच रुंद, म्हणून सहा टाके पुरतात. खांब रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच, म्हणून बारा लागतात.

वाढ कमी केली तर रुमालाची वाटी होते. टोपड्याला नेमके हेच हवे असते. वाढ जास्त केली तर कडेला चुण्या पडून झालर तयार होते. फुलाच्या पाकळ्यांना हेच हवे असते. या चुणीदार पृष्ठभागाची गणितातही प्रतिष्ठा आहे. भूमितीतील एका विशिष्ट वक्र पृष्ठाची हाती धरता येईल अशी प्रतिकृती कशी करावी, हा प्रश्न अभ्यासकांपुढे दीर्घकाळ होता. कागदाच्या प्रतिकृती लवकर फाटत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या लाट्वियन गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये ती चक्क क्रोशाने विणून दाखविली. दर ओळीत ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवीत जाणे एवढीच त्यांची युक्ती होती. झालर विणणारी कोणतीही गृहिणी ती ओळखेल.

जपणूक

विणलेली वस्तू वर्षानुवर्षे टिकते, पण थोडी काळजी घेतली तरच. रंगीत सुती दोऱ्याची वस्तू पहिल्यांदा स्वतंत्र, थंड पाण्यात धुवावी. गडद लाल आणि निळा दोरा पांढऱ्याशेजारी वापरायचा असेल, तर विणण्यापूर्वीच थोडा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते पाहावे. धुतल्यावर पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि आडवे पसरून सावलीत वाळवावे. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या वजनाने वीण लोंबते, आणि उन्हाने रंग विटतो.

रुमालाला किंवा तोरणाच्या फुलांना ताठपणा हवा असल्यास साबुदाण्याची वा मैद्याची पातळ खळ द्यावी आणि ओलसर असतानाच टाचण्या लावून आकार बसवावा. मात्र खळ दिलेली वस्तू तशीच ट्रंकेत ठेवू नये. खळीला कसर लागते. ठेवणीतील वस्तू धुऊन, खळ काढून, पूर्ण कोरड्या करून जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात. बाळाच्या वस्तूंना मणी, गुंड्या, गळ्याशी बांधायच्या लांब दोऱ्या लावू नयेत. खेळण्यांचे डोळे दोऱ्यानेच भरावेत. ज्या वस्तू लहान मूल तोंडात घालणार, त्यांत सुटू शकेल असे काहीही असता कामा नये.

विणणारीनेही स्वतःची काळजी घ्यावी. सलग तासन् तास विणल्याने मनगट, अंगठा आणि मान दुखू लागते. दर अर्ध्या तासाने उठावे, बोटे ताणावीत, दूर पाहून डोळ्यांना विसावा द्यावा. या छंदाने मन शांत होते असा अनेकींचा अनुभव आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी प्रश्नावली भरून दिली. वारंवार विणणे आणि शांत व आनंदी वाटणे यांचा संबंध तीत आढळला. उत्तरे देणाऱ्या सर्व व्यक्ती मुळातच विणण्याची आवड असलेल्या होत्या, हे लक्षात घेऊनच या निष्कर्षाकडे पाहावे.

छंदाची किंमत

छंदातून चार पैसे मिळावेत असे वाटणे गैर नाही. ओळखीतून तोरणाची मागणी येते, प्रदर्शनात एखादा बटवा विकला जातो. पण दर ठरविण्याची वेळ आली, की बहुतेक जणी फक्त दोऱ्याचा खर्च धरतात आणि वर संकोचाने थोडीशी रक्कम लावतात. येथे हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

समजा, दार ९६ सेंमी रुंदीचे आहे आणि तोरणाचे एक फूल ८ सेंमीचे. म्हणजे १२ फुले लागतील. एका फुलाला २५ मिनिटे धरली तर १२ फुलांना पाच तास होतात. जोडणे, झालर, धागे लपविणे, खळ यांना आणखी दोन तास. एकूण सात तास. दोऱ्याला १२० रुपये लागले आणि तोरण ४०० रुपयांना दिले, तर हाती २८० रुपये उरले. म्हणजे तासाला ४० रुपये. आठ तासांच्या दिवसाचे ३२० रुपये. हा आकडा आपल्याच भागातील एका दिवसाच्या मजुरीशेजारी ठेवून पाहावा. घासाघीस करून तेच तोरण ३०० रुपयांना गेले, तर तासाचे २६ रुपयेही पडत नाहीत.

हा प्रश्न एकट्या-दुकट्या गृहिणीचा नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर परिसरात हजारो स्त्रिया पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील स्थितीचा अभ्यास करून १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की लेस परदेशी जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते; पण विणणाऱ्या बायकांना 'गृहिणी' आणि त्यांच्या कामाला 'फावल्या वेळचे काम' म्हटले गेल्यामुळे त्यांची मजुरी अत्यल्प राहिली आणि कामगार म्हणून त्यांची गणतीच झाली नाही. याच नरसापूरच्या क्रोशाला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

सोलापूरला हे चित्र अनोळखी नाही. हातमागाच्या घरात माग पुरुष चालवी आणि कांड्या भरण्याचे काम बायका करीत. कापडावर नाव मात्र विणकराचे लागे. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे कामही घरातच चालत आले आहे. पण १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले आणि त्यामुळे तिला हक्काने काही मागता आले. कामाला काय नाव दिले जाते, यावर त्याचे मोल किती अवलंबून असते, हे या शहराने जवळून पाहिले आहे.

म्हणून छंद आणि विक्री यांची सरमिसळ करू नये, हे उत्तम. भेट द्यायची तर मनापासून, मोबदला न घेता द्यावी. ती वस्तू अनमोल असते. विकायची तर तासांचा हिशेब धरून विकावी. संकोचाने कमी दर लावणारी हौशी स्त्री नकळत त्याच कामावर घर चालविणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचा दर पाडत असते.

एक वही, एक तुकडा

या कलेचे बरेचसे ज्ञान लिहिलेले नाही. कोणती जाळी कोणाकडून आली, महिरपीच्या कडेला किती साखळ्या सोडायच्या, हे हातातून हातात जाते आणि हात थांबला की थांबते. सोलापूरच्या घरांत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या शेजारणींनी परस्परांकडून नमुने उचलले. टाका पाहून शिकता येतो, त्याला भाषेची अडचण येत नाही. आज चलच्चित्रे पाहून घरबसल्या शिकता येते, ही सोय मोठीच आहे. पण आपल्या आईच्या तोरणाची वीण जगातील कोणत्याही चित्रफितीत सापडेलच असे नाही.

त्यासाठी एक साधा उपाय आहे. घरात जुन्या विणलेल्या वस्तू असतील त्या बाहेर काढाव्यात. ज्या नमुन्याची उकल करणारी व्यक्ती हयात आहे, तिच्याकडून त्याचा हातभर तुकडा विणून घ्यावा आणि तो वहीत टाचून शेजारी टाके, सुईची जाडी, दोऱ्याचा क्रमांक, विणणारीचे नाव आणि साल लिहावे. नवी वस्तू केली, की तिच्या मागच्या बाजूला दोऱ्याने आपले आद्याक्षर आणि वर्ष घालावे. गिरणीच्या कापडाच्या ठाणावर गिरणीचा शिक्का असे, चादरीच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव विणलेले असते. सात तास खपून केलेल्या तोरणावर ते करणारीचे नाव असायला हरकत नसावी.